कृत्रिम चंद्राचा अदमास

शनी आणखी दहा वर्षांनी कोणत्या राशीत असेल हे सांगणाऱ्या गणितकाराच्या पाठीशी शतकानुशतके घेतलेल्या वेधांचे भांडवल असते, आणि त्याचे भाकीत चुकलेच तर पळाविपळांनी चुकते. परंतु जो पदार्थ काल सकाळपर्यंत आकाशात नव्हताच, ज्याच्या गतीचा एकही वेध अद्याप कोणाच्या दप्तरी जमा झालेला नाही, आणि ज्याला वर पाठविणाऱ्या सरकारने त्याच्या मार्गाविषयी बहुधा मौन धारण केलेले असते, तो आज रात्री अमुक गावावरून, अमुक वेळी, अमुक नक्षत्राजवळून जाईल असे सांगणे ही वेगळ्याच जातीची विद्या होय. तिचे वय सत्तर वर्षांच्या आतबाहेर आहे. तिला घडविणाऱ्यांत वेधशाळांतील विद्वान होते तसेच शाळामास्तर, विद्यार्थी आणि दिवसभराचा प्रपंच उरकून गच्चीवर चढणारे सामान्य गृहस्थही होते. माझ्या मते या विद्येच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट हीच, की येथे हौशी माणसाला पंडितांच्या आधी पाचारण करावे लागले. कारण त्याच्यावाचून पंडितांचे काम सुरूच होणार नव्हते.

हे कसे घडले ते पाहण्यासाठी १९५५ सालापर्यंत मागे गेले पाहिजे. १ जुलै १९५७ पासून १९५८ च्या अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष पाळावयाचे ठरले होते, आणि त्या निमित्ताने अमेरिका एक कृत्रिम उपग्रह सोडील अशी घोषणा २९ जुलै १९५५ रोजी वॉशिंग्टनमधून झाली. उपग्रह वर चढविणे हा एक प्रश्न. चढल्यावर तो कोठे आहे हे जाणणे हा दुसरा, आणि जाणकारांच्या दृष्टीने अधिक बिकट. या दुसऱ्या प्रश्नाचा भार स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक फ्रेड व्हिपल यांनी अंगावर घेतला. त्यांनी जेम्स बेकर व जोसेफ नन यांच्याकडून सुमारे ५० सेंटिमीटर मुखव्यासाचे विशेष कॅमेरे सिद्ध करविले, आणि असे बारा कॅमेरे पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत बसविण्याची तजवीज केली. या कॅमेऱ्यांचे सामर्थ्य मोठे होते, परंतु त्यांची एक अडचण अशी, की त्यांना कोठे पाहावयाचे हे आधी सांगावे लागे. आकाशाची एक पट्टी ते टिपीत; त्या पट्टीबाहेरून उपग्रह निघून गेला तर फिल्मवर केवळ ताऱ्यांच्या रेघा उरत. म्हणजे कक्षा ठाऊक होण्यासाठी छायाचित्र हवे, आणि छायाचित्रासाठी कक्षा ठाऊक हवी.

हा पेच सोडविण्यासाठी व्हिपल यांनी जी मसलत काढली तिला पुढे ऑपरेशन मूनवॉच असे नाव पडले. उपग्रहाचा रेडिओ बंद पडला, किंवा तो भलत्याच कक्षेत गेला, तर साऱ्या आकाशावर एकाच वेळी नजर ठेवणारे पुष्कळ डोळे हवेत, आणि इतके डोळे पगार देऊन मिळणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. पुष्कळ व्यावसायिक ज्योतिर्विदांना ही कल्पना हास्यास्पद वाटली. अशिक्षित हातांनी घेतलेल्या वेधांची रुजवात घालीत बसण्यातच वेळ जाईल असे त्यांचे म्हणणे होते. व्हिपल यांनी ते मनावर घेतले नाही. छोटी तारामंडळ-यंत्रे बनवून ती शाळांच्या आवाक्यात आणणारे आर्मंड स्पिट्झ यांना त्यांनी संघटनेच्या कामी लावले, आणि १९५७ च्या शरद ऋतूपर्यंत जगभर दोनशेच्या आसपास गट उभे राहिले.

या गटांची कार्यपद्धती साधी होती आणि म्हणूनच परिणामकारक ठरली. याम्योत्तर वृत्त, म्हणजे उत्तरेकडून खस्वस्तिकामधून दक्षिणेस जाणारी आकाशातील काल्पनिक रेषा, ही जणू वेस मानावयाची, आणि त्या वेशीवर पहारा बसवावयाचा. मोकळ्या जागेत याम्योत्तराची दिशा दाखविणारा उंच खांब उभारलेला असे, व त्याच्या अनुरोधाने लहान, रुंद दृष्टिक्षेत्राच्या दुर्बिणी ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येक दुर्बिणीकडे वेशीचा एक तुकडा नेमून दिलेला, आणि शेजारच्या तुकड्याशी तो थोडा जुळेल अशी योजना. त्यामुळे उपग्रह कोणत्याही उंचीवरून गेला तरी कोणा ना कोणाच्या दृष्टीस पडावाच. मान वर करून तासन् तास बसणे अशक्य, म्हणून दुर्बिणीच्या तोंडाशी आरसा लावून पाहणाऱ्याने खाली पाहावे अशी सोय केली होती. ठिपका वेस ओलांडताच पाहणारा आवाज देई, आणि तो आवाज रेडिओवरील अचूक वेळेच्या ठोक्यांसह ध्वनिफितीवर उमटे. बहुतेक रात्री काहीच उमटत नसे. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले त्यांच्या चिकाटीची कल्पना यावरून यावी, की त्यांची हजेरी प्रामुख्याने रिकाम्या आकाशाची होती.

सर्व तयारी अमेरिकन उपग्रहासाठी चालली होती. वर गेला तो रशियन. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला, तेव्हा अमेरिकेची रेडिओ-वेधाची यंत्रणा १०८ मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर जुळवून बसली होती, आणि स्पुटनिक तर २० व ४० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होता. विशेष हे, की रशियातील 'रेडिओ' नावाच्या हौशी लोकांच्या मासिकात या कंपनसंख्या आधीच छापून आल्या होत्या. त्या कोणी फारशा मनावर घेतल्या नव्हत्या. सरकारी यंत्रणा आपल्या तारा बदलीत असता हौशी रेडिओवाले तो आवाज घरबसल्या ऐकत होते. मूनवॉचचे गटही नियोजित वेळेच्या कितीतरी आधी कामाला जुंपले गेले. आठवडा लोटण्यापूर्वीच ऑस्ट्रेलियातील सिडनी व वूमेरा येथून वेध आले, आणि त्यांच्या व रेडिओवरून मिळालेल्या माहितीच्या आधारे व्हिपल यांच्या वेधशाळेच्या केंब्रिज येथील गणकांनी पुढचे अदमास बांधण्यास प्रारंभ केला. जाता जाता सांगितले पाहिजे, की त्या दिवसांत जगभर लोकांनी जो ठळक ठिपका पाहिला व स्पुटनिक म्हणून ज्याचे कौतुक केले, तो बहुतेक वेळा स्पुटनिक नव्हता. ५८ सेंटिमीटर व्यासाचा तो गोळा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसण्याजोगा होता. त्याच्यामागून फिरणारा अग्निबाणाचा मोठा भाग मात्र पहिल्या प्रतीच्या ताऱ्याएवढा तेजस्वी होता.

आता हा अदमास बांधतात कसा ते पाहू, कारण या विद्येचे खरे सौंदर्य तेथे आहे. वर सोडलेल्या पदार्थाविषयी काहीच ठाऊक नाही असे आपण म्हणतो, परंतु ते खरे नव्हे. तो कोठून सुटला, केव्हा सुटला व कोणत्या दिशेस गेला एवढे कळले तरी त्याच्या कक्षेचे प्रतल ठरते. म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून जाणारी ती सपाट चकती, जिच्या कडेवरून तो फिरणार, ती आकाशात कशी तिरपी बसली आहे हे निश्चित होते. पूर्वेकडे सरळ सोडलेल्या उपग्रहाच्या कक्षेचा विषुववृत्ताशी होणारा कल हा उड्डाणस्थळाच्या अक्षांशाएवढा असतो. दिशा उत्तरेस वा दक्षिणेस वळविली की तो वाढतो, आणि वर गेल्यावर मुद्दाम मार्ग वळविल्याखेरीज अक्षांशाहून कमी कधीच होत नाही. आपला आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी रशियातील कापुस्तिन यार येथून सुटला. ते ठाणे ४८ अंशांच्या वर आहे आणि आर्यभटाचा कल पावणेएक्कावन्न अंशांच्या आसपास आला, यात हाच नियम दिसतो. म्हणून नव्या उपग्रहाची वेळ नक्की नसली तरी त्याची वाट बहुतांशी नक्की असते. जाणता निरीक्षक एका बिंदूवर दुर्बीण रोखीत नाही. पृथ्वीच्या परिवलनाने त्याचे गाव त्या प्रतलाखाली केव्हा येते ते तो काढतो, प्रतलाची आकाशातील रेषा ताऱ्यांमधून आखून घेतो, आणि त्या रेषेवर नजर ठेवून बसतो.

यातून एक मोठा सोयीचा नियम निघतो. उड्डाण वीस मिनिटे लांबले तर सारे गणित पुन्हा मांडावे लागत नाही. अग्निबाण पृथ्वीला बांधलेला, उड्डाणस्थळही पृथ्वीवरचे. तेव्हा जमिनीवरील मार्ग जसाच्या तसा राहतो आणि प्रत्येक गावावरची वेळ तेवढी वीस मिनिटांनी पुढे जाते. म्हणून अनुभवी गणितकार आपले कोष्टक घड्याळाच्या वेळेत न देता उड्डाणापासून इतक्या मिनिटांनी अशा रीतीने देतात. बदलतो तो केवळ सूर्यप्रकाश. खाली अंधार व वर ऊन अशी स्थिती असेल तरच उपग्रह दिसणार, आणि ही संधी सूर्यास्तानंतरच्या व सूर्योदयापूर्वीच्या काही काळापुरतीच मिळते. तेव्हा लांबलेले उड्डाण एखाद्या गावाच्या हातचे दर्शन हिरावून घेते आणि दुसऱ्या गावाला अनपेक्षित बहाल करते.

प्रतलही मात्र आकाशात खिळलेले नसते. आपल्या पंचांगवाचकांना राहू-केतूंची वक्र गती परिचित आहे: चंद्राची कक्षा क्रांतिवृत्तास जेथे छेदते ते दोन पात उलट्या दिशेने सरकत सरकत सुमारे १८.६ वर्षांत एक फेरा पुरा करतात, आणि याचे कारण सूर्याचे आकर्षण होय. कृत्रिम चंद्रालाही असेच राहू-केतू आहेत. त्यांना सरकविणारी शक्ती मात्र सूर्याची नव्हे, पृथ्वीच्या फुगलेल्या कमरेची आहे. विषुववृत्तावरील व्यास ध्रुवांमधील व्यासाहून सुमारे ४३ किलोमीटर अधिक, एवढ्याशा फरकाने स्पुटनिकचे पात दररोज सुमारे तीन अंश पश्चिमेकडे सरकत, आणि जो फेरा आपल्या चंद्राच्या राहूला साडेअठरा वर्षे पुरतो तो त्यांनी चार महिन्यांत संपविला असता. तितका अवधी स्पुटनिकला लाभला नाही. ४ जानेवारी १९५८ रोजी तो वातावरणात जळून गेला. पात असे सरकल्यामुळे एकाच प्रकारचे दर्शन रोज सुमारे पाव तास आधी घडते, आणि ही गोष्ट ज्याने हिशेबात घेतली नाही त्याची दुर्बीण दुसऱ्याच दिवशी रिकामी राहते.

परंतु गणितकाराचा खरा शत्रू हवा आहे. दोनशे किलोमीटर उंचीवर हवा कितीही विरळ असली तरी ती उपग्रहाला अडविते, आणि या अडवणुकीचा परिणाम प्रथमदर्शनी उफराटा वाटतो: अडविलेला उपग्रह मंदावण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागतो. कारण तो खाली घसरतो, खालची कक्षा लहान असते व तिच्यावरचा वेग जास्त, म्हणून घर्षणाने ग्रासलेला उपग्रह अदमासाच्या आधी येतो. एका फेऱ्याच्या काळात एका सेकंदाची चूक धरली, तर दिवसाच्या पंधरा फेऱ्यांत पाव मिनिट आणि दहा दिवसांत अडीच मिनिटे चूक साचते, व तेवढ्या वेळात उपग्रह हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून गेलेला असतो. त्यातही घर्षणामुळे फेऱ्याचा काळ रोज घटत जात असेल तर चूक दिवसांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हवेची घनता सूर्यावरील डागांच्या क्षोभाप्रमाणे कमीजास्त होते ही गोष्ट उपग्रहांच्या अशा चुकांवरूनच उमगली. चुकलेल्या भाकिताला इतके मोल क्वचितच आले असेल.

चुकांतून ज्ञान काढण्याची ही हातोटी सर्वांत उत्तम साधली ती इंग्लंडमध्ये. फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेत डेस्मंड किंग-हीली व त्यांचे सहकारी यांनी दुसऱ्या स्पुटनिकचे पात किती सरकतात यावरून पृथ्वीचा चपटेपणा पुन्हा मोजला, आणि पूर्वीचा मान्य आकडा १/२९७.१ सोडून तो १/२९८.२ च्या जवळ आहे असे १९५८ मध्येच दाखविले. किंग-हीली यांनी हौशी निरीक्षकांना आयुष्यभर आपल्या संशोधनाचे भागीदार मानले, त्यांना नियमाने अदमास मिळतील अशी व्यवस्था केली आणि त्यांच्यासाठी १९६६ मध्ये एक ग्रंथही लिहिला. त्या परंपरेतील निरीक्षकाजवळ साधी द्विनेत्री, तारापट आणि स्टॉपवॉच एवढीच सामग्री असे. उपग्रह दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा ओलांडतो त्या क्षणी घड्याळ दाबावयाचे, आणि ती रेषा त्याने कोणत्या प्रमाणात छेदली हे डोळ्याने ठरवावयाचे. एडिंबरोच्या रसेल एबर्स्ट यांनी या साध्या साधनांनी दीड लाखाहून अधिक वेध नोंदविले. आपल्याकडील कोणा निवृत्त गृहस्थाने असा उद्योग केला असता तर घरच्यांनी त्याला काय म्हटले असते ते सांगावयास नको.

हीच विद्या उलट दिशेनेही चालते याचा दाखला केटरिंगच्या एका शाळेने दिला. तेथील शिक्षक जेफ्री पेरी आपल्या विद्यार्थ्यांना रशियन उपग्रहांचे रेडिओ-संदेश ऐकवीत व त्यांवरून कक्षांचे गणित करवीत. मार्च १९६६ मध्ये सुटलेला कॉसमॉस ११२ हा त्यांना परिचित ठाण्याच्या हिशेबात बसेना. त्याचा कल ७२ अंश होता. पुढे त्याच वर्षी आणखी एका उपग्रहाचा मार्ग मिळाला, आणि दोन्ही मार्ग उड्डाणाच्या वेळेपर्यंत मागे नेले असता ते उत्तर रशियात प्लेसेत्स्क गावाजवळ एकमेकांस छेदतात असे दिसून आले. येथे एक गुप्त उड्डाणतळ आहे असा निष्कर्ष शाळकरी मुलांच्या त्या मंडळाने प्रसिद्ध केला. रशियन सरकारने त्या तळाचे अस्तित्व कबूल केले ते १९८३ मध्ये.

भारताचा या कामाशी संबंध नैनितालच्या द्वारे आला. व्हिपल यांच्या बारा कॅमेऱ्यांपैकी एक तेथील राज्य वेधशाळेत, वेणू बाप्पू संचालक असताना, १९५८ मध्ये बसविण्यात आला, आणि सतराअठरा वर्षे त्याने परक्या चंद्रांची छायाचित्रे घेतली. सामान्य भारतीयाच्या मनात मात्र या गणिताची आठवण राहिली ती स्कायलॅबमुळे. ती प्रचंड प्रयोगशाळा ११ जुलै १९७९ रोजी हिंदी महासागर व पश्चिम ऑस्ट्रेलिया यांवर कोसळली. तत्पूर्वी ती नेमकी कोठे पडेल हे कोणीही खात्रीने सांगू शकत नव्हते, आणि आपल्याकडे खेडोपाडी लोकांनी धास्ती घेतली होती. तो दोष गणितकारांचा नव्हता. शेवटच्या दिवशी काही मिनिटांची चूक म्हणजे एका खंडाची चूक. उलट बाजूचे उदाहरणही आहे: ५ सप्टेंबर १९६२ रोजी चौथ्या स्पुटनिकचा अखेरचा फेरा अपेक्षित असल्यामुळे मिल्वॉकीचा मूनवॉच गट पहाटे जागा होता, आणि त्याच पहाटे त्या उपग्रहाचा जवळजवळ साडेनऊ किलोचा तुकडा विस्कॉन्सिनमधीलच मॅनिटोवॉक गावच्या भर रस्त्यात सापडला.

मूनवॉच १९७५ मध्ये बंद झाले. तोवर अमेरिकन लष्कराचे रडार प्रत्येक उपग्रहाची मोजदाद ठेवू लागले होते, आणि कक्षेचा सारा गोषवारा आकड्यांच्या दोन ओळींत मांडण्याची रीत रूढ झाली होती. त्या ओळींवरून स्थान काढण्याची सूत्रे १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे घरोघरी संगणक आले आणि जुन्या उपग्रहाचे भाकीत हा केवळ यंत्राचा व्यवहार झाला. नव्या उपग्रहाचे तसे झाले नाही. उड्डाणानंतर त्या दोन ओळी बाहेर येईपर्यंत काही तास वा दिवस जातात, आणि १९८३ पासून अमेरिकन लष्कराने आपल्या गुप्त उपग्रहांच्या ओळी देणेच बंद केले. या दोन फटींत हौशी गणितकाराचे जुने वतन शाबूत राहिले. जहाजे व विमाने यांना उड्डाणापूर्वी जे धोक्याचे इशारे दिले जातात त्यांत कोणत्या समुद्रात अवशेष पडतील ते लिहिलेले असते. ते प्रदेश नकाशावर जोडले की दिशा मिळते, दिशेवरून कल, आणि कलावरून प्रतल. सरकारने एका दप्तरात लपविलेली गोष्ट दुसऱ्या दप्तरास जाहीर करावीच लागते.

या रीतीचे अलीकडचे उत्तम उदाहरण २४ मे २०१९ चे आहे. त्या दिवशी फ्लोरिडातून स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकदम सुटले. हॉलंडमधील लायडनचे मार्को लँगब्रोक यांनी प्रकाशित ओळींची वाट न पाहता स्वतःच शोधकक्षा मांडली व त्या रेषेवर कॅमेरा लावून ठेवला; अदमासाच्या काही मिनिटे आधी, परंतु अपेक्षित वाटेनेच, दिव्यांची ती माळ त्यांच्या आकाशातून गेली, आणि ते चित्रण लगोलग जगभर पाहिले गेले. प्रतल बरोबर, वेळ थोडी चुकलेली: १९५७ पासून चांगल्या अदमासाचे लक्षण हेच राहिले आहे.

महाराष्ट्रातील आकाशप्रेमींना एक सांगावेसे वाटते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे, आणि आज गावोगावी दुर्बिणी बाळगणारी मंडळे आहेत. परंतु या विद्येचे जे नामांकित निरीक्षक होऊन गेले त्यांतील बहुतेक उत्तरेकडील देशांचे. फ्लोरिडातून सरळ पूर्वेस सोडलेला, साडेअठ्ठावीस अंश कलाचा उपग्रह पाचशे किलोमीटर उंचीवर असेल तर तो एडिंबरोच्या क्षितिजावर उगवतच नाही. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. तोच उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो. द्विनेत्री, सेकंदाचे खात्रीचे घड्याळ, अक्षांश-रेखांशांची बिनचूक नोंद आणि वेध जसाचा तसा लिहून ठेवण्याची सवय एवढे ज्याच्यापाशी आहे, त्याने पुढच्या उड्डाणाची बातमी वाचली की ठाण्याचा अक्षांश व अवशेषांचे प्रदेश पाहून प्रतलाची रेषा स्वतः आखावी, आणि संध्याकाळी अदमासाच्या वेळेपूर्वी पाच मिनिटे तरी गच्चीवर हजर राहावे.